तबकडीला जामीन

कर्जाला जामीन राहू नये आणि लग्नात मध्यस्थी करू नये, हे दोन उपदेश प्रत्येक मराठी बाप मुलाला नोकरी लागली की पेढ्याबरोबर देतो. पेढा संपतो, उपदेश उरतो. माझ्या मते त्यात तिसऱ्याची भर घालायला हरकत नाही. कोणाला गाण्याची रेकॉर्ड सुचवू नये. तिन्ही व्यवहारांची जात एकच. सुख दुसऱ्याचे, सही आपली. हप्ते वेळेवर गेले तर कर्जदार सज्जन, थकले तर जामीनदार गाढव. संसार सुखाचा झाला तर नवराबायको गुणी, भांड्याला भांडे लागले तर 'तुम्हीच आणलंत ना हे स्थळ?' आणि रेकॉर्ड आवडली तर ऐकणाऱ्याचा कान तयार. नाही आवडली तर सुचवणाऱ्याचे डोके एकदा दाखवून आणायला हवे.

मी बँकेत कारकून आहे. बी. कॉम. झालो, परीक्षा दिली, चिकटलो. जामीनदाराच्या सह्या नमुन्याच्या सहीशी ताडून पाहता पाहता माझ्या चष्म्याचा नंबर वाढत गेला. सही करताना जामीनदार कसा ऐटीत पेन उघडतो आणि दोन वर्षांनी नोटीस हातात घेऊन कसा येतो, ही दोन्ही दृश्ये मी वीसेक वर्षे पाहतो आहे. त्यामुळे आजवर मी एकाही कर्जाला जामीन राहिलो नाही, यात नवल नाही. नवल असे की तबकड्यांना मात्र मी डोळे मिटून जामीन राहतो. त्याही कसल्या? जाझ-रॉक आणि फ्यूजन नावाच्या प्रकारातल्या. आणि त्यांतूनही अशा, की ज्यांचे नाव काढले तर समोरच्याने विचारावे, 'हे जेवणाआधी घ्यायचं की जेवणानंतर?'

यामागे बँकेचाच न्याय आहे. लताबाईंना, भीमसेनजींना, किशोरकुमारला जामीन लागत नाही. त्यांची पत बाजारात आहे, त्यांची शिफारस करणे म्हणजे समुद्राला ओलावा मंजूर करणे. जामीन लागतो तो दारात अवघडून उभ्या राहिलेल्या, कागदपत्रे अपुरी असलेल्या, पण माणूस म्हणून खऱ्या अर्जदाराला. अशा माणसाला हाकलून देणे नियमात बसते. पण रात्री झोप लागत नाही.

मी राहतो वटारला. नालासोपारा आणि विरार ही दोन स्टेशने गर्दीसाठी प्रसिद्ध आहेत. त्यांच्या पश्चिमेला समुद्राच्या अंगाला जे हिरवे उरले आहे, त्यात आमचे गाव. केळी, चाफा, पानवेली, विहिरी, देवळे, चर्च. दुपारी चार वाजता गावातला सर्वांत मोठा आवाज म्हणजे वाऱ्याने केळीचे पान फाटल्याचा, असे मी बाहेरच्यांना सांगतो. मोटारसायकली मी त्यात धरत नाही. अशा गावात विजेच्या गिटारीचा सूर उठला की पहिल्यांदा कुत्री भुंकतात आणि नंतर शेजारी विचारतात, 'पंपाची मोटर जळली काय?'

जाझ-रॉक म्हणजे काय, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. उत्तर संपेपर्यंत थांबणारे कमी. म्हणून थोडक्यात सांगतो. जाझमध्ये सगळ्यांनी मिळून एक धून आधी सरळ सांगायची. मग एकेकाने त्या धुनीला आपापल्या वाटेने फिरवून आणायचे, सुचेल तसे, आयत्या वेळी. शेवटी सगळ्यांनी पुन्हा मूळ धुनीवर भेटायचे. म्हणजे आपली बंदिश, विस्तार आणि सम, फक्त बूट घालून. रॉक म्हणजे वीज : विजेची गिटार, विजेचा आवाज आणि पोटात घुमणारा ढोल. या दोघांचे लग्न लागले आणि नांदले त्याला जाझ-रॉक म्हणतात. त्यातच सतार-तबला येऊन बसला की झाले फ्यूजन. आमच्या सौभाग्यवती या शब्दाचा संबंध मीटरखालच्या फ्यूजशी लावतात, तो अगदीच गैरलागू नाही. दोन तारा नीट जोडल्या तर दिवा लागतो, नाहीतर ठिणगी उडून आळीभर अंधार. फ्यूजनच्या बाजारात दुसरा प्रकार जास्त, हे मीही कबूल करतो.

या लग्नाची पत्रिका म्हणून माइल्स डेव्हिस या ट्रम्पेटवाल्याच्या १९७० सालच्या एका जोडतबकडीकडे बोट दाखवतात. तिचे नाव 'बिचेस ब्रू'. या नावाचे मराठी भाषांतर घरात मोठ्याने करू नये. तीत जॉन मॅक्लाफ्लिन नावाचा इंग्रज गिटारवादक आहे. डेव्हिसने एका तुकड्याला सरळ 'जॉन मॅक्लाफ्लिन' असेच नाव देऊन टाकले. आमच्या बँकेत वीस वर्षे काढून माझे नाव एका खुर्चीलाही लागलेले नाही. पण या तबकडीला माझ्या जामिनाची गरज नाही. शिवाय नवख्याला पहिल्या दिवशी ती ऐकवणे म्हणजे बचत खाते उघडायला आलेल्या म्हातारीच्या हातात परकीय चलनाचा अर्ज देणे.

खरे तर आम्हा पश्चिम रेल्वेच्या प्रवाशांना फ्यूजनची ओळख करून द्यावी लागू नये. सकाळच्या विरार लोकलमध्ये भजनी मंडळ असते. टाळ हातात, ताल डब्याच्या पत्र्यावर, वर आरोळ्या 'आत सरका', खाली चाकांचा ठेका, आणि मीरा रोडला कोणीतरी उतरायचे म्हणून अंतऱ्यातच भांडण. रेल्वेला हा प्रकार पसंत नसतो आणि झोपेत असलेल्यांनाही. पण मंडळी समेवर येतात. विलायतेतल्या रॉक ऐकणाऱ्याला सात मात्रांचे गाणे भेटले की तो बोटे मोजत बसतो आणि वर त्यावर लेख लिहितो. आपल्याकडे रूपकाचे सात आणि झपतालाचे दहा शाळेतले पोरही टाळी-खालीसकट म्हणून दाखवते. म्हणजे या संगीतातला जो भाग परदेशी माणसाला अवघड, तो आपल्या खात्यात आधीच जमा आहे. आपण फक्त पासबुक भरून घेतलेले नाही.

आता सुचवायचे कसे? अनुभवाने मी तीन नियम केले आहेत. पहिला, तारण आधी पाहावे. समोरच्याच्या कानात आधी काय शिल्लक आहे ते बघून त्याला जोडूनच नवे द्यावे. दुसरा, कर्ज हप्त्याहप्त्याने द्यावे. एका वेळी एकच तुकडा; सगळी तबकडी एकदम दिली की माणूस बुडतो. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा : तो ऐकत असताना त्याच्या तोंडाकडे बघत बसू नये. जामीनदार रोज कर्जदाराच्या दुकानासमोर उभा राहिला तर दुकान चालणार कसे?

तारणाची काळजी मराठी माणसाच्या बाबतीत मुळीच नको. सी. रामचंद्र आपले, पुणतांब्याचे. त्यांच्या १९५१ सालच्या 'अलबेला'वर दोन पिढ्यांनी पाय आपटले. त्या संगीतातल्या ट्रम्पेटमागे चिक चॉकलेट होता. नाव ऐकून तो गोळ्या-बिस्किटांचा व्यापारी वाटेल. पण तो गोव्यातल्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ, मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवणारा. तेव्हा 'आम्हाला जाझ कळत नाही' असे जो म्हणतो, त्याने लग्नाच्या वरातीत तो पूर्वीच नाचून घेतलेला असतो.

अशा माणसाला मी पहिला हप्ता देतो तो 'रागा जाझ स्टाइल'चा. साल १९६८. तबकडीवर नाव शंकर-जयकिशन यांचे, म्हणजे ओळखीचा पत्ता. गाणे एकही नाही. अकरा राग, तोडीपासून भैरवीपर्यंत, आणि सतारीवर रईस खाँ. भोवती सॅक्सोफोन, ट्रम्पेट, गिटार, ड्रम्स, आणि तबलाही. एकेक राग तीन-चार मिनिटांत आटोपतो, त्यामुळे शास्त्रीय संगीतवाले 'ही काय राग मांडण्याची पद्धत?' म्हणतात आणि जाझवाले 'हा काय जाझ?' म्हणतात. दोन्ही घरचे नाराज झाले की जावई चांगला आहे असे समजावे. सिनेमाच्या धबडग्यातल्या या दोघांनी ती कोणत्या नायकासाठी, कोणत्या प्रसंगासाठी केली? कोणाहीसाठी नाही. म्हणून ती ऐकताना मला रविवारी बँकेत आलेल्या, टाय न लावलेल्या मॅनेजरसारखी दिसते. मोकळी.

दुसरा हप्ता : 'इंडो-जाझ सूट', १९६६. कलकत्त्यात जन्मलेला जॉन मेयर व्हायोलिनवर आणि संगीतरचनाही त्याचीच. जमैकाचा जो हॅरियट सॅक्सोफोनवर. पाच वाजवणारे जाझकडचे, पाच भारतीय वाद्यांकडचे, असा दुहेरी संच लंडनमध्ये बसला. कबड्डीसारखे वाटते, पण कोणी कोणाचा पाय ओढत नाही. या तबकडीची मराठी माणसाला मी वेगळ्याच कारणासाठी शिफारस करतो. तिच्यावरची नावे वाचा. सतारीवर दिवाण मोतिहार. तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर. आणि तबल्यावर केशव साठे.

साठे! हे नाव मी प्रथम वाचले तेव्हा मला परदेशी स्टेशनवर कोणी 'काय, वटारचे का?' म्हणाल्यासारखे झाले. मग मी साठ्यांच्या मागेच लागलो. थकबाकीदाराचा पत्ता शोधण्याची सवय कामाला आली. १९६७ ची 'जाझ मीट्स इंडिया' घेतली, तर तिथे स्वित्झर्लंडच्या इरेने श्वाइझर या पियानोवादक बाईंच्या संचाबरोबर साठे. १९७२ ची 'मॅजिक कार्पेट' घेतली, तर तिथे साठे. १९७७ साली जॉन रेनबर्नच्या मंडळींनी इंग्लंडच्या जुन्या लोकगीतांची 'अ मेड इन बेडलम' काढली. म्हटले, इथे तरी साठे नसतील. होते. इंग्लंडच्या खेड्यातल्या जात्यावरच्या ओव्या समजा, आणि खाली साठ्यांचा तबला. मराठी माणूस बाहेर पडत नाही, असे जे सारखे म्हटले जाते, त्यांनी या तबकड्यांच्या पाठी वाचाव्यात. बाहेर पडतो, फक्त नाव पाठीमागे, बारीक अक्षरात असते.

तिसरा हप्ता देताना मात्र जरा जपून. तबकडीचे नाव 'हम दोनों', साल १९६९. हे नाव मी आमच्या कॅशियरला सांगितले, तेव्हा त्याचा चेहरा उजळला. तो देव आनंदचा भक्त. मानेला तोच झोल, केसांना तोच फुगा. केस गेल्यावर नुसता झोल राहिला आहे. दुसऱ्या दिवशी तो नोटांच्या गड्डीला रबर लावता लावता म्हणाला, 'अरे, यात देव आनंद कुठेय?'

'नाही. त्यात जो हॅरियट आहे. आणि अमान्सियो डिसिल्वा गिटारवर.'

'आणि ती बाई मध्येच नुसती आ आ करत्येय ती?'

'नॉर्मा विन्स्टन. शब्दाविना गाते. आलाप समज.'

'तोंड उघडलंच होतं तर चार शब्द म्हणायला काय जातं?' असे म्हणून त्याने माझ्या जामिनावर लाल शाईने 'नामंजूर' लिहिले आणि पुढच्या गिऱ्हाइकाची स्लिप ओढली. मी नियम तिसरा आठवला आणि त्याच्या तोंडाकडे न बघता परत फिरलो.

पण डिसिल्वाला मी सोडणे शक्य नव्हते. अमान्सियो डिसिल्वा १९३६ साली मुंबईत जन्मला, घराणे गोव्याचे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तो लंडनला गेला, १९६९ मध्येच त्याची 'इंटिग्रेशन' ही तबकडीही निघाली. गिटारीची तार तो अशी ओढतो की सतारीची मींड ऐकल्याचा भास व्हावा. आणि लगेच पुढच्या वळणावर मुंबईच्या रात्रीच्या हॉटेलातला जाझ. दोन्ही त्याच्या घरचेच, त्यामुळे शिवण दिसत नाही. हा माणूस कोणाला तरी ऐकवल्याशिवाय मला चैन पडेना. तेव्हा मला आमचे बँडवाले काका आठवले.

काका ऐंशीच्या पुढचे. अर्नाळ्यापासून वसईपर्यंतच्या लग्नांत त्यांनी चाळीस वर्षे ट्रम्पेट वाजवला. पुढे दात गेले. कवळी आली, ट्रम्पेट पेटीत गेला. ट्रम्पेटचे सगळे बळ ओठामागच्या दातांवर असते, कवळीवर फुंकर ठरत नाही. आता ते चाफ्याच्या कळ्या खुडतात आणि गावातल्या प्रत्येक लग्नाच्या बँडला नावे ठेवतात. एका दुसऱ्या शनिवारी मी मुलीचा छोटा स्पीकर घेऊन त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

'काय रे बँकवाल्या, आज सुट्टी?'

'दुसरा शनिवार, काका. तुम्हाला एक ऐकवायचंय.'

'पिक्चरचं?'

'नाही. डिसिल्वाचं आहे.'

'कुठला डिसिल्वा? गासचा की नंदाखालचा?'

'लंडनचा.'

'तिथवर पोचले?' म्हणून काकांनी कळ्यांची परडी बाजूला सरकवली.

'हम दोनों'त इयन कार नावाचा ट्रम्पेटवाला आहे. तो सुरू झाला, आणि काकांच्या उजव्या हाताची तीन बोटे मांडीवर हलायला लागली. धोतरावर ट्रम्पेटच्या तीन चाव्या उमटल्यासारख्या. ओठ आत गेले. मी माझाच तिसरा नियम मोडून त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो, ते त्यांच्या लक्षातही आले नाही. तुकडा संपला. समोरच्या केळीवर कावळा बसला, उठला. काका म्हणाले, 'परत लाव.'

परत लावला. मग म्हणाले, 'याला घाई नाही रे. आम्हाला नेहमी घाई. वरात दारात पोचायच्या आत गाणी संपवायची. मला एकदा असं वाजवायचं होतं.'

यावर काय बोलायचे ते बी. कॉम. ला शिकवत नाहीत. मी डिसिल्वाची दुसरी तबकडी लावली. तिचे नाव 'कोकण डान्स'. लंडनच्या स्टुडिओत बसून या माणसाने तबकडीला नाव दिले ते आपल्या किनाऱ्याचे. वटार, अर्नाळा, वसई हे उत्तर कोकणच की! सत्तरच्या दशकात ती वाजवून, मुद्रित करून झाली, आणि तशीच पडून राहिली. बाहेर निघाली २००६ साली. तीस वर्षांहून अधिक काळ. डिसिल्वा १९९६ मध्येच वारला होता.

'म्हणजे पैसे होते,' काका म्हणाले, 'पण पासबुकच नव्हतं.'

बँकेत याला बेवारस ठेव म्हणतात. कोणी दहा वर्षे खात्याला हात लावला नाही, की ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. २०१४ पासून तसा नियम आहे. पण त्या नियमातले पुढचे कलम फार थोडे लोक वाचतात. ठेव बुडत नाही. ठेवीदार गेला असला तरी वारसाने केव्हाही यावे, आपण कोण ते सांगावे आणि मागावे. मला वाटते, 'कोकण डान्स' नावाच्या ठेवीचे वारस लंडनला नव्हे, आमच्याच काउंटरसमोरच्या रांगेत उभे आहेत. त्यांना ठेव आहे हेच ठाऊक नाही. ते सांगायला कोणीतरी लागते, आणि सांगणाऱ्याला लोक जामीनदार म्हणतात, म्हणून तो घाबरतो. एवढाच या सगळ्या प्रकरणाचा हिशेब आहे.

चौथा हप्ता आमच्या घरातच मंजूर झाला. त्रिलोक गुर्टूची 'उस्फ्रेट', १९८८. या गृहस्थाचे वाद्य सांगायचे तर तबला, ड्रम्स, घुंगरू, ताटल्या आणि पाण्याची बादली. विनोद करत नाही. वाजती ताटली तो बादलीतल्या पाण्यात बुडवतो. बुडता बुडता सूर खाली वाकतो आणि वर काढली की पुन्हा चढतो. सौभाग्यवतींनी हे मोबाइलवर पाहिले आणि म्हणाल्या, 'टँकरच्या दिवसांत याला आमच्याकडे आणू नका.' तेवढ्यात तबकडीतून एका बाईंचा आवाज आला, आणि सौभाग्यवतींच्या हातातली वेलची तशीच राहिली. 'या शोभा गुर्टू तर नव्हेत?' त्याच होत्या. बेळगावला जन्मलेल्या, ठुमरी-दादऱ्याने मैफिली भारून टाकणाऱ्या शोभाताई. मुलाच्या विजेच्या गदारोळात आई आपल्या जागी बसून गाते आहे. तिने आवाज चढवलेला नाही, त्याने गदारोळ उतरवलेला नाही, आणि तरी भांडण नाही. आमच्या सौभाग्यवतींनी ते तीनदा ऐकले. संगीतासाठी की या शेवटच्या मुद्द्यासाठी, हे मी विचारले नाही.

राहिला पाचवा. 'अ हँडफुल ऑफ ब्यूटी'. ज्याच्या नावाने माइल्स डेव्हिसने तुकडा केला, तोच हा जॉन मॅक्लाफ्लिन. १९७१ पासून त्याने 'महाविष्णू ऑर्केस्ट्रा' काढून जाझ-रॉकचा जो गडगडाट केला, त्याने कानांचे डॉक्टर सुखी झाले असतील. पण हा पठ्ठ्या गडगडाट सोडून, साधी गिटार मांडीवर घेऊन, सतरंजीवर येऊन बसला. गिटारीच्या पोटावर सतारीच्या तरफांसारख्या आडव्या तारा लावून घेतल्या, मींड निघावी म्हणून पडद्यांमधले लाकूड खोलगट कोरून घेतले. बाजूला व्हायोलिनवर एल. शंकर, घटमवर विनायकराम आणि तबल्यावर आमच्या माहीमचा झाकीर हुसेन. संचाचे नाव 'शक्ती'. ज्यांना पुन्हा महाविष्णू हवा होता, त्यांना हे पचायला जड गेले. ही तबकडी १९७६ साली मुद्रित झाली. 'शक्ती'चे नाव पुष्कळांच्या कानावर आहे. त्यांच्या २०२३ च्या 'धिस मोमेंट'ला २०२४ मध्ये ग्रॅमीही मिळाले. पण बक्षीस ऐकलेले लोक आणि तबकडी ऐकलेले लोक यांच्या दोन वेगळ्या याद्या करायला हव्यात. दुसरी माझ्या टेबलाच्या खणात मावेल.

ही तबकडीही मी कॅशियरला दिली होती. 'गिटार ठीक आहे, पण ते मडकं कशाला?' एवढ्यावर तोही अर्ज पडून राहिला.

१५ डिसेंबर २०२४ ला झाकीर हुसेन गेले. आपल्याकडे सोमवारी सकाळी बातमी आली. बँकेत त्या दिवशी रांगेतली माणसेसुद्धा जरा हळू बोलत होती, किंवा मला तसे वाटले. दुपारी डबा खाताना कॅशियर माझ्यासमोर येऊन बसला. चपातीचा घास मोडत, माझ्याकडे न बघता म्हणाला, 'तुझं ते मडक्याचं काय होतं रे? पाठव परत.'

मी पाठवले. एकच तुकडा. नियम म्हणजे नियम.

हा कॅशियर भाईंदरला राहतो. रुपयाचा फरक पडला तरी रात्री नऊपर्यंत बसून तो काढणारा माणूस. वीस वर्षांत त्याची गाडी चुकली नाही, डबा चुकला नाही, दारातला कोपरा चुकला नाही. त्या रात्री साडेआठला त्याचा फोन आला. मागे स्टेशनचा गलका होता.

'कुठे आहेस?'

'विरारला.'

'विरारला काय काम काढलंस?'

'काही नाही,' तो म्हणाला. 'भाईंदर आलं होतं. पण त्यांचं चाललं होतं ना, सवालजवाब. मध्येच कसं उतरायचं?'

मी काही बोललो नाही. दहिसरच्या पुढे गाडीत हलायला जागा नसते, तरी तो दारातून आत सरकला असणार, लोकांनी शिव्या घातल्या असणार, आणि याने त्या ऐकल्या नसणार. रुपयाचा फरक न चालणारा माणूस चार स्टेशने पुढे आला होता.

'परतीची गाडी आहे आता,' तो म्हणाला. 'एक काम कर. तो देव आनंद नसलेला 'हम दोनों' आहे ना, तो पण पाठव.'